डेव्हनपोर्टच्या दोन मुली: एका बदलीचं प्रकरण

शिशुगृहात काम करायला नव्याने येणाऱ्यांना मी हे प्रकरण आवर्जून वाचायला देते. बालविकासाच्या सुरुवातीच्या शास्त्रीय अभ्यासांपैकी हा एक, आणि त्याची सुरुवात एका चुकीच्या निदानातून झाली. मूळ नोंदीत मुलींची नावं नाहीत, नुसती अक्षरं आहेत: सी. डी. आणि बी. डी. मीही तीच वापरते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतलं आयोवा हे मक्याचं आणि डुकरांचं राज्य. तिथल्या कोरा बसी हिलिस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच एक साधा मुद्दा लावून धरला. मका आणि डुकरं सुधारायला राज्य संशोधनावर पैसा खर्च करतं, मग मुलं कशी वाढतात हे शोधायला का नाही? त्यांनी स्वतःची मुलं गमावली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या जिवाचा होता. अखेर 1917 साली विधिमंडळाने वर्षाला 25,000 डॉलर मंजूर केले आणि आयोवा सिटीच्या विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र उभं राहिलं.

तोवर मुलांचा अभ्यास बहुतेक घरच्या घरी व्हायचा. डार्विनने आपल्या मुलाबद्दल ठेवलेली टिपणं 1877 साली छापली, जर्मनीत प्रेयरने 1882 साली आपल्या मुलाच्या वाढीवर अख्खं पुस्तक लिहिलं. खाऊनपिऊन सुखी घरातलं एक मूल आणि त्याच्यावर टक लावून बसलेला शिकलेला बाप, असा तो सगळा मामला. येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ गेझेल यांनी मूल कधी बसतं, कधी उभं राहतं, कधी बोलतं याचे तक्ते बांधले. तिकडे स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी 1916 साली बुद्धिमापन चाचणी आणली. बुद्धी जन्मताच ठरते आणि आयुष्यभर तेवढीच राहते, ही समजूत या चाचण्यांच्या जोडीने घट्ट झाली. आई मंदबुद्धी असेल तर मूलही तसंच निघणार, यावर कुणी फारसा वादही घालत नसे.

मिसिसिपीच्या काठी डेव्हनपोर्ट गावात यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी काढलेला सरकारी अनाथाश्रम होता. 1930 च्या दशकातल्या मंदीत तो राज्यभरातून आलेल्या टाकलेल्या, कोर्टाने ताब्यात घेतलेल्या मुलांनी खचाखच भरला. हॅरोल्ड स्कील्स हा संशोधन केंद्राचा तरुण मानसशास्त्रज्ञ राज्याच्या अशा संस्थांमध्ये मुलांच्या चाचण्या घेत फिरायचा. कोणतं मूल दत्तक देण्याजोगं आहे आणि कोणतं नाही, ते त्याच्या आकड्यांवर ठरायचं.

अडचण

आश्रमातल्या तान्ह्या मुलांचं वर्णन स्कील्सने लिहून ठेवलं आहे. ते मी दर वेळी मोठ्याने वाचून दाखवते. सहा महिन्यांखालची बाळं ओळीने मांडलेल्या पाळण्यांत असत. पाळण्यांच्या कडांवर बहुधा पांढऱ्या चादरी टाकलेल्या, त्यामुळे शेजारचं बाळ दिसायची सोय नाही. खेळणं नाही, हाताला लागेल असं काही नाही. दुधाची बाटली कशाला तरी टेकवून तोंडात दिलेली. परिचारिका दुपटी बदलायच्या, अंग पुसायच्या, औषध द्यायच्या आणि पुढच्या पाळण्याकडे वळायच्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्या हातात वेळ नव्हता. दोन वर्षं झाली की मुलं छोट्या बंगल्यांत जायची. तिथे एका खोलीत 30-35 मुलं, एक बाई आणि मदतीला आश्रमातल्याच तीन-चार किशोरवयीन मुली. त्या मुलींना हे काम नको असायचं.

सी. डी. आणि बी. डी. या अशाच पाळण्यांत होत्या. दोघींच्या आया मंदबुद्धी म्हणून नोंदलेल्या. स्कील्सने तपासलं तेव्हा एक 13 महिन्यांची होती, दुसरी 16 महिन्यांची. अंगावर मांस नाही, केस निर्जीव, नाक वाहतंय, डोळे ओले. दिवसभर पुढेमागे डुलायचं आणि कण्हत राहायचं. या वयाची आपली पोरं भिंत धरून, नाहीतर भिंत सोडून घरभर हिंडत असतात. या दोघींचं वागणं सहा-सात महिन्यांच्या बाळासारखं होतं. डॉक्टरांना शरीरात कसलाही दोष सापडला नाही. चाचणीत सी. डी.चा बुद्ध्यांक 46 आला, बी. डी.चा 35 (सर्वसाधारण मुलाचा 100 च्या आसपास धरतात).

समोर असलेले पर्याय

दत्तक देणं शक्य नव्हतं. मंद मूल दत्तक द्यायचं नाही, हा आश्रमाचा नियमच होता. आश्रमात ठेवावं तर जागा नाही आणि 'अशा' मुलांसाठी तो आश्रमही नव्हता. एखाद्या घरात पैसे देऊन ठेवावं, तर इतक्या खालच्या आकड्याचं बाळ कोण घेणार? राहिला नेहमीचा रस्ता: मंदबुद्धी लोकांच्या सरकारी संस्थेत पाठवणं. तिथे गेलेलं मूल बहुधा तिथेच म्हातारं व्हायचं.

स्कील्सने हाच रस्ता सुचवला. इथे त्याला दूरदर्शी ठरवायचा मोह होतो, तो मी टाळते. त्याला पुढचं काही दिसलेलं नव्हतं. आकडा पाहून त्या काळातला कुठलाही मानसशास्त्रज्ञ लिहील तेच त्याने लिहिलं. दोन महिन्यांनी मुलींची वुडवर्डच्या संस्थेत बदली झाली.

काय घडलं

वुडवर्डला लहान मुलांसाठी वेगळी सोय नव्हती, म्हणून दोघींना बायकांच्या विभागात ठेवलं. तिथल्या बायकांचं वय 18 ते 50. चाचण्यांनुसार त्यांची बुद्धी पाच ते नऊ वर्षांच्या मुलाएवढी. साध्या हिशेबाने पाहिलं तर मुलींचं आता काहीच भलं होणार नव्हतं.

सहा महिन्यांनी स्कील्स तिथे फेरीवर गेला. विभागात दोन लहान मुली इकडून तिकडे धावत होत्या, हसत होत्या, आल्या-गेलेल्याकडे टवकारून बघत होत्या. या त्याच दोघी हे त्याला आधी पटेना. त्याने चाचणी घेतली: सी. डी. 77, बी. डी. 87.

या सहा महिन्यांत मुलींवर कुणी कसलाही प्रयोग केला नव्हता. विभागात आलेली बाळं बायकांच्या नजरेत भरली, एवढंच. प्रत्येकीला एकेका बाईने जवळजवळ आपलीच करून टाकली. बाकीच्या मावश्या झाल्या. दिवसभर कुणी ना कुणी कडेवर घ्यायचं, केस विंचरायचं, जमिनीवर बसून खेळायचं. कर्मचारी बायकांनाही लळा लागला. सुट्टीच्या दिवशी त्या मुलींना बाजारात न्यायच्या, पदरच्या पैशाने खेळणी आणि चित्रांची पुस्तकं आणायच्या. अक्षरओळख बेताची असलेली बाई चित्राच्या पुस्तकावर बोट ठेवून बाळाला गाय दाखवते आणि बाळ पुन्हा पुन्हा तीच गाय मागतं, असं काहीतरी तिथे चाललं असेल असं मला वाटतं. अहवालात एवढं बारीक लिहिलेलं नाही, आकडेच बोलतात.

स्कील्सचा पहिला खरा निर्णय इथे आहे. आकडे वाढले म्हणून मुलींना लगेच बाहेर काढायचं, की आहेत तिथेच राहू द्यायचं? त्याने राहू दिलं. वर्षभराने सी. डी. 100 वर होती, बी. डी. 88 वर. साडेतीन वर्षांच्या झाल्या तेव्हा 95 आणि 93. मग त्यांना अनाथाश्रमात परत आणलं आणि लवकरच दोघी दत्तक गेल्या.

दुसरा निर्णय त्याहून अवघड होता. हे पुन्हा मुद्दाम करायचं का? आश्रमातली आणखी काही बाळं सुधारतील या आशेवर मंदबुद्धी लोकांच्या संस्थेत पाठवायची, हा प्रस्ताव अधिकाऱ्यांपुढे मांडायलाही धीर लागतो. तोड अशी निघाली की मुलांची नावं आश्रमाच्याच पटावर राहतील आणि संस्थेत ती पाहुणी म्हणून जातील. म्हणजे 'मंदबुद्धी संस्थेतलं मूल' असा शिक्का त्यांच्या कागदावर बसणार नाही. या प्रकरणातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे हा कारकुनी तपशील. मूल सुधारलं तरी कागद सुधारत नाही, हे त्या माणसाला कळत होतं.

अशी आणखी काही मुलं ग्लेनवूडच्या तशाच सरकारी संस्थेत गेली. तिथले अधीक्षक डाय पुढे अहवालाचे सहलेखक झाले. तिथेही तेच झालं. कोणत्या विभागाचं बाळ आधी चालतं, कोणाचं आधी बोलतं, यावर बायकांत चढाओढ लागायची.

निष्पत्ती

1939 साली स्कील्स आणि डाय यांचा अहवाल आला. एकूण 13 मुलं, सगळी तीन वर्षांखाली गेलेली, जाताना सरासरी बुद्ध्यांक 64. सरासरी 19 महिन्यांच्या मुक्कामानंतर तो 92 झाला. एका ठरावीक बाईशी घट्ट नातं जुळलेली मुलं सरासरी 34 अंकांनी वर गेली. सगळ्यांची लाडकी, पण कुणा एकीची नाहीत, अशी चार मुलं सरासरी 14 अंकांनी. मला हे दोन आकडे त्या मोठ्या सरासरीपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

तुलनेसाठी आश्रमातच राहिलेल्या 12 मुलांच्या जुन्या नोंदी काढल्या. ही मुलं सुरुवातीला बरीच बरी होती, सरासरी 87. या ना त्या कारणाने, कुणाच्या घराण्याची माहिती वाईट म्हणून, कुणाला जन्मजात आजार म्हणून, त्यांचं दत्तक जाणं राहून गेलं होतं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांची सरासरी 60 वर आली होती. हात धरून कुणी खाली ढकललं नव्हतं. ती फक्त तिथे होती.

अहवालावर झोड उठली. मिनेसोटाच्या फ्लॉरेन्स गुडइनफ, स्टॅनफर्डचे टर्मन आणि मॅकनेमार यांनी तो फाडून काढला. त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. मुलं अगदी थोडी. चिठ्ठ्या टाकून वाटलेली नाहीत. दोन गट सुरुवातीला सारखे नाहीत. तान्ह्या बाळाच्या चाचणीवर भरवसा किती ठेवायचा? आणि एकदा फार खाली आलेला आकडा पुढच्या वेळी आपोआप सरासरीकडे सरकतो, हे संख्याशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट उरते. वरचा गट खाली आणि खालचा वर, दोन्ही सरासरी ओलांडून अशी अदलाबदल नुसत्या सरकण्याने होत नाही. पण टीकेचं वजन मोठं होतं. त्यात दुसरं महायुद्ध आलं, स्कील्स आयोवातून बाहेर पडला आणि विषय वीस वर्षं पडून राहिला.

नंतर त्याने ती मुलं शोधायला घेतली. दत्तक गेलेल्यांची आडनावं बदललेली, घरं बदललेली. तरी 25 पैकी प्रत्येकाचा माग त्याने काढला. 1966 साली निष्कर्ष छापले. 13 जणांपैकी एकही संस्थेत नव्हता, सगळे आपापल्या पायावर उभे होते. 11 दत्तक गेले होते. निम्म्याहून अधिकांचं शिक्षण बारावीपर्यंत किंवा त्यापुढे झालं होतं. त्यांना 28 मुलं झाली होती, आणि त्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 104.

बारा जणांच्या गटात निम्म्यांचं शिक्षण तिसरीपर्यंतही पोचलं नव्हतं. एक जण किशोरवयातच वारला. चार जण अजून संस्थेत होते. बाहेर असलेल्यांपैकी बहुतेक हलकीसलकी कामं करत होते. राज्याने तेरा जणांवर आजवर सुमारे 30,700 डॉलर खर्च केले होते आणि या बारांवर 1,38,000 च्या वर. ममतेची भाषा न कळणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मी हा शेवटचा आकडा ठेवते.

1968 साली स्कील्स आणि त्याची सहकारी मारी स्कोडॅक यांना बौद्धिक अपंगत्वावरच्या संशोधनासाठीचा केनेडी पुरस्कार मिळाला. त्या समारंभात तेरांपैकी एक, आता मोठा झालेला माणूस, उभा राहून बोलला.

निर्णयाच्या जागा, आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा वुडवर्डच्या त्या फेरीची. 35 चे 87 झालेले पाहून बहुतेक जण म्हणतील की आधीची चाचणी चुकली होती, आणि कागद दुरुस्त करून मोकळे होतील. स्कील्सने आपली समजूतच तपासून पाहिली. आम्हाला कामात हे रोज जमत नाही, हे मी कबूल करते. एखादं मूल अचानक सुधारलं की 'तेव्हा आजारी असेल' म्हणून आपण पुढे जातो. मधल्या काळात त्याच्या आयुष्यात कोण आलं, हे विचारायचं राहून जातं.

दुसरी जागा परत आणण्याची. मुलं ठीक झाल्याबरोबर त्यांना बाहेर काढून घर मिळवून दिलं, हे फार बरं झालं. कारण त्या विभागातल्या बाईला जे देता येत होतं ते दोन-अडीच वर्षांच्या बाळाला पुरणारं होतं, सहा वर्षांच्या मुलाला नव्हे. पण साडेतीन वर्षांच्या मुलीला तिच्या त्या बाईपासून कसं वेगळं केलं? निरोप घेऊ दिला का? कुणी पुन्हा भेटलं का? आज आपण दत्तक देताना मुलाची आणि नव्या आईबापाची हळूहळू ओळख करून देतो, आणि सांभाळणाऱ्या मावशीला त्यात सामील करून घेतो. तेव्हा तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिसरी जागा त्या बायकांची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. ज्यांना बुद्धी नाही म्हणून डांबून ठेवलं, त्यांनी तज्ज्ञांना न जमलेलं करून दाखवलं. अहवालात त्या आहेत, पण वय आणि बुद्धीच्या आकड्यांपुरत्या. त्यांची पुन्हा चाचणी झाली का, बाळं गेल्यावर त्या विभागाचं काय झालं, हा अभ्यासाचा विषयच नव्हता. जो आकडा मुलींच्या बाबतीत खोटा ठरला, तोच आकडा या बायकांच्या बाबतीत खरा धरला गेला. एखाद्या तरी बाईचा कागद नव्याने उघडायला हवा होता.

आणि चौथी जागा, बारा मुलांची. त्यांना मुद्दाम मागे ठेवलं नव्हतं, तुलनेचा गट नंतर नोंदींतून जुळवला, हे खरं आहे. स्कील्सवर तसा आरोप करणं अन्याय होईल. पण 1939 साली अहवाल छापून झाला तेव्हा ही मुलं जिवंत होती, लहान होती, आणि कुठे आहेत ते माहीत होतं. त्यांतल्या अनेकांना पुढे त्याच संस्थांत पाठवलं, या वेळी पाहुणे म्हणून नव्हे, कायमचे. विद्वान संख्याशास्त्रावर भांडत राहिले आणि मुलं मोठी होत गेली. वाद निकालात निघेपर्यंत थांबायची गरज नव्हती. बाळाला कुणीतरी कडेवर घ्यावं, यासाठी कसला पुरावा लागत होता?

आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याने संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे, पण शिशुगृहं आहेत आणि त्यांत तान्ही बाळं आहेत. पाळ्या बदलतात तशा मावश्या बदलतात. पैसे वाढवून मिळतील तेव्हा मिळोत, तोवर एक करता येतं. प्रत्येक बाळाची आंघोळ आणि भरवणं शक्यतो एकाच मावशीच्या हातून व्हावं, आणि पाळ्यांचा तक्ता त्या जोड्या आधी धरून मग आखावा. बाटली उशीला टेकवायची नाही. बाळाच्या नोंदवहीत वजनाशेजारी 'कोणाकडे झेपावतं' हा एक रकाना असावा. तो रकाना महिनाभर कोरा राहिला तर वजन घटल्यासारखीच धावपळ व्हावी.

बारा जणांबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यांतला एक मुलगा मोठा होऊन छापखान्यात जुळारी झाला. लग्न झालं, चार मुलं झाली, आणि मिळकत गटातल्या इतर कुणाहीपेक्षा कितीतरी जास्त. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून आश्रमातून त्याला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत पाठवलं होतं. तो तिथे सगळ्यांत लहानांपैकी होता, सुट्टीत न्यायला कुणी यायचं नाही. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंचा त्याच्यावर जीव जडला.